३०० शब्दांचा निबंध

आज सकाळी बागेत तिसरी फेरी संपवून बाकावर टेकले, तर पलीकडच्या बाकावर ओळखीचे तिघंचौघं बसले होते. त्यातले एक म्हणाले, "काय बाई, तुमच्या हिरोचा निबंध झाला का लिहून? ३०० शब्द!" आणि सगळे खो खो हसले. मी काही न बोलता घरी आले. चहा केला, तो तसाच गार झाला, आणि आता हे टाइप करतेय. लांबेल. वेळ नसेल त्यांनी पुढे सरकावं.

ज्या मुलावरून ते हसले त्याचं नाव विचारू नका, सोसायटी कोणती ते विचारू नका. कुणाला अंदाज आलाच तरी कमेंटमध्ये लिहू नका, मी डिलीट करेन. त्याच्या आईला विचारूनच लिहितेय. आठवीपर्यंत माझ्याकडे गणिताला यायचा. आता दहावीत आहे.

भांडण काय, तर क्रिकेट. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेला कमिटीने कुलूप लावलं. सेक्रेटरींनी मुलांचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "ही उनाड कार्टी". हा पठ्ठ्या आईच्या फोनवरून ग्रुपवर भांडायला उतरला. चेअरमन साहेब, वय साठीच्या घरात, नोकरीत मोठ्या पदावरून निवृत्त, रात्री पावणेबारापर्यंत त्याच्याशी वाद घालत होते. पंधरा वर्षांच्या मुलाशी! "तुझ्या बापाने तुला काय शिकवलं", "बघून घेईन", "उद्या खाली ये". मग ह्याने सोसायटीच्या नावाने इन्स्टाग्रामवर एक पेज काढलं. कुलपाला साहेबांचा चेहरा लावला, मिशीसकट. मी पाहिलंय. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

पण साहेबांच्या मुलीच्या घटस्फोटावर त्याने एक ओळ टाकली होती, ती घाणेरडी होती. तिचा ह्यात काही संबंध नव्हता. तेवढं मान्य. पुढे.

साहेब सायबर सेलला गेले. सोसायटीच्या नावाने खोटं खातं, बदनामी, धमकी, सगळं लावून आले. आणि ग्रुपवर जाहीर केलं की एफआयआर झालाय, आता ह्याला पासपोर्ट मिळत नाही की सरकारी नोकरी. आई दोन दिवस जेवली नाही.

अहो, एफआयआर झालाच नव्हता. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, तो अठराच्या आतल्या मुलाने एकट्याने केला असेल तर एफआयआर नोंदवत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. हा २०१५ चा बाल न्याय कायदा आणि २०१६ चे नियम. मंडळाने काहीही ठरवलं तरी पंधरा वर्षांच्या मुलाला त्यापायी पुढे कशालाही अपात्र ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मला तरी कुठे माहीत होतं! जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून जी वकील मुलगी मिळाली, फुकट, तिने जिन्यात उभं राहून समजावलं. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. आईचा हात धरून बोलत होती.

तर तो दिवस. मला तो डोळ्यांपुढून हलवता येत नाही.

मंडळ भरतं निरीक्षणगृहाच्या, म्हणजे चौकशीतल्या मुलांना ठेवतात त्या जागेच्या आवारात. सिनेमातल्यासारखं कोर्ट नाही, उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकडं. त्यावर आई, मधे हा, ह्या बाजूला मी. शाळेचाच पांढरा शर्ट घालून आला होता, खिशावरचा बिल्ला उसवलेला, दोरे तसेच लोंबत होते. काळे बूट, डाव्याचा तळ पुढून सुटलेला. शेजारच्या ऑफिसच्या दाराबाहेर कर्मचाऱ्यांच्या चपला काढलेल्या होत्या. तिकडे बघत बघत माझ्या कानाशी आला आणि म्हणाला,

"बाई, आत जाताना बूट काढायचे का?"

मला उत्तरच देता येईना. मी म्हटलं, राहू दे.

ह्या मुलाला तुम्ही सायबर गुन्हेगार म्हणताय.

आता त्या निबंधाबद्दल. मे २०२४, पुणे, बिल्डरच्या अल्पवयीन मुलाची ती पोर्श गाडी, दोन जीव गेले आणि त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध. आपण सगळेच पेटून उठलो होतो, मीही. अजूनही तो राग गेलेला नाही. पण त्या एका गाडीपायी आता मंडळापुढे जाणारं प्रत्येक पोर लोकांना बिल्डरचं पोर वाटायला लागलंय. ह्याच्याकडे गाडी कुठली, आईचा काच फुटलेला फोन आहे. सुटेल म्हणून हसताय की अडकला म्हणून हसताय, एकदा ठरवा तरी.

आणि हेच लोक २०१२ मध्ये काय बोलत होते ते मला आठवतं. पालघरच्या त्या दोन मुली, मुंबई बंदवर एकीने पोस्ट टाकली, दुसरीने लाइक केली आणि दोघींना अटक. तेव्हा ह्याच बागेत, ह्याच बाकावर केवढी चर्चा! मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना लावलेलं आयटी कायद्यातलं ते ६६ अ कलम रद्द केलं तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते. तेव्हा पोस्ट दुसऱ्याबद्दल होती. आता कुलपावर आपल्या मित्राचा चेहरा आलाय.

(कुणी म्हणेल, ते राजकीय मत होतं आणि ही टवाळी आहे. बरं. फरक आहे. असेल.)

सगळ्यात भारी गंमत पुढेच. साहेबांनी मंडळाच्या नोटिशीचा फोटो मुलाच्या नावासकट ग्रुपवर टाकला. चौकशीतल्या मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. मी त्यांना कलम ७४ एवढंच लिहून पाठवलं. चार मिनिटांत फोटो गायब. कायदा कळतो म्हणजे, वेळेवर.

करायची का तक्रार? वकील मुलगी म्हणाली, करता येईल. रात्रभर मनात होतं. सकाळी त्या पोरालाच विचारलं, तर म्हणाला, "नको बाई, परत त्यांचे मेसेज वाचावे लागतील."

सारखं तेच बाकडं आठवतं. समोरच्या बाकड्यावर एक मुलगा एकटाच बसला होता, चौदा-पंधराचाच. सोबत साध्या कपड्यांतला पोलीस, तो मोबाइलमध्ये. त्याच्यासाठी आलं कोण होतं कुणास ठाऊक. आमचा आपल्या डब्यातली पोळी त्याला देऊ का म्हणून विचारत होता. आणि मी ह्याला बूट काढू नको म्हणत होते, ह्या पलीकडे मी तरी त्या दिवशी काय केलं? बसले फक्त. वकील बोलली, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) बाईंनी शाळेचं, घरचं विचारलं. साहेबांच्या मुलीबद्दलची ओळ का लिहिलीस, असं आत विचारलं तेव्हा रडला म्हणे. त्या ताईची माफी मागायची आहे हे त्याने स्वतःहून सांगितलं. साहेबांची मात्र नाही मागणार म्हणाला. मी काय समजावणार? मला तरी कुठे पटतंय?

पुढची तारीख मंगळवारची आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, तेव्हा संपेल. पूर्वपरीक्षा त्याच आठवड्यात आहे, शाळेशी बोलणं चालू आहे.

आणि शेवटचं. "केलंय तर निस्तरू दे त्याचं त्याला" असं म्हणून जे घरी बसले, ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. नाव घेत नाही. माझ्या पोस्टी तुम्ही लाइक न करता वाचता हे मला माहीत आहे. तुमचा राग मला कळतो, लोकांत मान खाली गेली, खरं आहे. पण त्या दिवशी तो दर दहा मिनिटांनी फाटकाकडे बघत होता. आईला वाटलं पोलिसांना घाबरून बघतोय.

मंगळवारी साडेनऊला रिक्षा सांगितली आहे. मी मागे आईजवळ दाटीवाटीने बसेन, जागा होते. बुटाचा तळ मात्र अजून शिवलेला नाही, तेवढं सोमवारपर्यंत करून आणा.