याचा रेग्युलेटर कुठंय?

परवा ऑनलाइन मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं आणि मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का? चटणी होऊ दे, मग बोला." सगळे हसले. ज्याला मी एक्सेल शिकवलं तो तर जरा जास्तच हसला. मिक्सर नव्हता हो, माझा ऑल-इन-वन कॉम्प्युटर होता.

घेताना दुकानदार म्हणाला होता, डबा नाही, वायरींचा पसारा नाही, सगळं स्क्रीनच्या मागे. बरोबर आहे, पण त्या मागच्या चिंचोळ्या जागेत पंखा बसतो लॅपटॉपच्या मापाचा, आणि मोठा पंखा निवांत फिरून जेवढी हवा ढकलतो तेवढी ढकलायला या चिमुकल्याला जीव खाऊन पळावं लागतं. त्यात पुण्याचा मे महिना.

आवाज ऐकून शेजारचे काका आले. वीज मंडळातून रिटायर्ड, त्यामुळे सोसायटीत जे जे फिरतं त्यावर पहिला हक्क त्यांचा. हात मागे बांधून उभे राहिले, मान तिरकी करून ऐकलं.

"कंडेन्सर गेलाय."

"काका, याला कंडेन्सर नसतो."

"पंखा आहे ना?"

"आहे."

"मग अडीचचा कंडेन्सर टाक. किरकोळ काम आहे."

"अहो काका, कंडेन्सर गेला की पंखा हळू होतो, हा पळतोय."

काका क्षणभर गप्प. वाटलं, जिंकलो.

"मग रेग्युलेटर कुठंय याचा?"

"रेग्युलेटर नसतो. प्रोसेसर तापला की हा आपोआप जोरात फिरतो."

"आपोआप? म्हणजे पंखा तुझा, लाइटबिल तुझं, आणि किती फिरायचं ते तो ठरवणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग "चहा नको, आत्ताच झालाय" असं म्हणून काकांनी दोन कप चहा घेतला, एका लाइनमनने खांबावरूनच राजीनामा कसा दिला ते सांगितलं (त्याचा इथे काय संबंध ते मलाही कळलं नाही) आणि जाता जाता कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा रुमाल दोन बोटांत धरून उचलला. खाली गरम हवा बाहेर पडायची जाळी. "हे काय, याला टोपरं?"

आतून आई, "धूळ बसते म्हणून घातलाय!" आमच्याकडे रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या हँडलला मोजे, वॉशिंग मशीनला तर झिपवाला फुलाफुलांचा अंगरखा आहे. कॉम्प्युटर तेवढा उघडा कसा राहणार?

रुमाल गेला, आवाज तसाच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तो पोरगा म्हणाला, "सर, हा नॉर्मल आवाज आहे." फोनवर ऐकू येतोय त्याला, तरी नॉर्मल! आणि साफ करायचा तर मशीन आठवडाभर ठेवून जा. वॉरंटी कधीच संपली होती, म्हणून शेवटी भाच्याला बोलावलं. त्याने प्लग काढला, गादीवर चादर टाकून स्क्रीन पालथी घातली, पाठ उघडली. पंखा आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पत्र्यांच्या मधोमध धुळीचा असा घट्ट थर होता की चिमट्याने अख्खी पट्टी निघाली, त्यात आईच्या क्रोशाचा गुलाबी धागासुद्धा. ब्लोअर मारताना त्याने पाती काडीने अडवून धरली, कारण मोकळी सोडली तर वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरची उष्णता पुढे पोचवणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती पुसून नवी लावली. अँटिव्हायरसचं स्कॅन नेमकं मीटिंगच्या वेळेला लागत होतं, ते दुपारच्या जेवणावर ढकललं.

आणि शेवटी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 100 चं 99 केलं. एका टक्क्याने काय होणार म्हणून मी हसलो, पण त्याने प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे मध्येच नेहमीपेक्षा जोरात पळायची खोड, बंद होतो, तो तेवढा तापत नाही आणि पंखा गप्प बसतो. मेलला आणि एक्सेलला टर्बो लागतोच कशाला? मग हे कंपनीने पेटीवर का नाही छापलं? जाडी किती मिलिमीटर तेवढं बरं मोठ्या अक्षरात छापता येतं!

काकांना हे सांगायला नको होतं. आता लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगतायत, "याच्या कॉम्प्युटरला रेग्युलेटर मीच शोधून दिला. कंडेन्सरचं मात्र अजून ऐकत नाहीये."