कंसातले एमबी कुणी चोरलेले नाहीत

‘विंडोज तुमची रॅम चोरते’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडा, ‘इन यूज’खाली कंसात दिसते तेवढी रॅम कंपनीने दाबून ठेवली आहे, त्याने फाइली खराब होतात, प्रोसेसरवर ताण येतो, तेव्हा पॉवरशेलमधून (विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीतून) मेमरी कम्प्रेशन बंद करा, पेजिंग फाइलही (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती) काढून टाका, लॅपटॉप दुप्पट वेगाने पळेल. एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझ्या मावशीने हे सगळं तिच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर करून टाकलं, आणि त्याच लॅपटॉपवर बचत गटाचे हिशेब असतात.

आधी तो कंस. रॅम कमी पडू लागली की कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, बराच वेळ न वापरलेली मेमरीची पानं (४ केबीचे एकेक तुकडे) आवळतो आणि रॅममध्येच ठेवतो; हेच मेमरी कम्प्रेशन. आवळलेल्या पानांनी व्यापलेली जागा म्हणजे कंसातला आकडा. तिथल्याच रंगीत पट्टीवर माउस नेऊन थांबा: किती एमबीचा डेटा त्यात बसवला आणि किती एमबी वाचले, हे विंडोज स्वतः सांगतं. मायक्रोसॉफ्टने ही सोय समजावून सांगताना लिहिलं होतं की आवळलेला डेटा मूळच्या साधारण ४० टक्के जागा घेतो आणि डिस्कवर पानं लिहिण्याची वेळ आधीच्या निम्म्यानेच येते. म्हणजे चोरी म्हणून दाखवलेला आकडा हा बचतीचा पुरावा आहे.

फाइली खराब होतात हे साफ खोटं. फोटो लहान करताना बारकावे जातात, तसलं हे कम्प्रेशन नाही. उलगडल्यावर प्रत्येक बाइट जसाच्या तसा परत मिळतो. डिस्कवरच्या फाइलींना तर हातही लागत नाही.

प्रोसेसरला काम पडतं, हे मान्य. पण पान उलगडायला काही मायक्रोसेकंद लागतात; तेच पान जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला काही मिलिसेकंद. मावशीच्या लॅपटॉपमध्ये तीच डिस्क आहे.

खरा घात पेजिंग फाइलच्या सल्ल्यात आहे. प्रोग्रॅमना मिळून किती मेमरी कबूल करायची याची विंडोजची मर्यादा रॅम अधिक पेजिंग फाइल एवढी असते. टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’खाली तिरप्या रेघेनंतरचा आकडा तोच. फाइल काढल्यावर मावशीकडे तो ४ च्याही खाली आला. ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि हिशेबाची शीट एवढ्यात मर्यादा गाठली जाते, पुढची मागणी नाकारली जाते, आणि प्रोग्रॅम सेव्ह न करताच बंद पडतो. तिच्या दुपारभरच्या नोंदी अशाच गेल्या. ज्याने हा सल्ला लिहिला त्याने ४ जीबीच्या मशीनवर तो एकदाही करून पाहिलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो.

आणि ही एकट्या विंडोजची खेळी म्हणावी, तर ॲपलने हेच २०१३ मध्ये मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीत आणलं. नितीन गुप्ता यांनी सुरू केलेलं झेडरॅम, म्हणजे हेच काम करणारी लिनक्सची सोय, २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१४ कर्नलमध्ये दाखल झालं. हा मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवर वाचला, त्यातही बहुधा तेच चालू असेल.

कुणी हे करून बसलं असेल तर मेसेजमधल्या आज्ञेतल्या ‘डिसेबल’च्या जागी ‘एनेबल’ लिहून ती ओळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा चालवा. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये पेजिंग फाइल आपोआप सांभाळण्याच्या पर्यायावर टिक करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.