खड्डा वेगळा, फरसबंदी वेगळी: पॅरिस–रूबेवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पॅरिस–रूबे या उत्तर फ्रान्समधल्या सायकल शर्यतीच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काका मिरजेचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांचं म्हणणं असं की ज्या दगडी रस्त्यावर सायकल धड चालत नाही तो मुद्दाम तसाच ठेवायचा आणि त्याला वारसा म्हणायचं, हा रस्ते बांधणाऱ्यांचा अपमान आहे. खड्डेच बघायचे असतील तर पावसाळा संपल्यावर आपल्या जिल्ह्यात फिरावं. शिवाय ही शर्यत मुळात गिरणीमालकांची जाहिरात होती, आणि ‘उत्तरेचा नरक’ असलं नाव मिरवणं म्हणजे माणसांच्या हालांचं कौतुक. तरुणपणी बोरघाटात उभं राहून मुंबई–पुणे शर्यत पाहिलेल्या माणसाला फ्रान्सच्या गोष्टी कशाला सांगता, असंही त्यांनी शेवटी विचारलंय.

रस्त्यापासून सुरुवात करतो. तो तुमचा विषय आहे आणि माझ्या लेखाचा गाभाही तोच होता.

१८९६ मध्ये शर्यत सुरू झाली तेव्हा फरसबंदी रस्ते कुणी शोधत बसलं नव्हतं. पॅरिसहून उत्तरेला जाणारे सरकारी हमरस्तेच ठिकठिकाणी घडीव दगडांचे होते आणि शर्यत त्या हमरस्त्यांनी जायची. स्वारांना ते दगड नकोच असायचे. कडेला सायकलवाट किंवा मातीची पट्टी दिसली की ते तिकडे वळायचे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे असंच चाललं. म्हणजे पहिली चाळीसेक वर्षं शर्यतीचा रस्ता हा त्या मुलखाचा रोजच्या वापरातला रस्ता होता. कोणी कुणाचे हाल करण्यासाठी तो निवडला नव्हता.

युद्धानंतर डांबर आलं आणि झपाट्यानं आलं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत शर्यतीत जेमतेम बावीस किलोमीटर फरसबंदी उरली होती. १९६४ मध्ये पीटर पोस्ट हा डच स्वार ताशी ४५.१२९ किलोमीटर सरासरी वेगानं जिंकला, आणि तो वेग २०१७ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पाठीमागून वारा होता हे खरं, पण रस्ताही सुधारला होता. त्या काळात गावोगावचे महापौर (फ्रान्समध्ये खेड्यालाही महापौर असतो) शर्यत आपल्याकडून जाणार असं कळलं की घाईनं डांबरीकरण उरकून घ्यायचे. टीव्हीवर गावचा दगडी रस्ता दिसला तर लोक आपल्याला मागास म्हणतील, ही भीती. तुमच्या प्रतिक्रियेतली चीड आणि त्या महापौरांची भीती एकाच जातीची आहे, आणि मला दोन्ही समजतात. पावसाळ्यात ज्यांना दवाखाना गाठायला चिखल तुडवावा लागतो त्यांना दगडाचं कौतुक ऐकवू नये, हे मलाही मान्य आहे.

फरसबंदीचा शोध सुरू झाला तो यानंतर. एकेकाळी स्वतः शर्यती केलेल्या आल्बेर बूवेवर आयोजकांनी हे काम सोपवलं, आणि त्याला सर्वांत मोठी मदत झाली ज्याँ स्टाब्लिन्स्कीची. हा पोलिश स्थलांतरितांचा मुलगा. कोवळ्या वयात आरेनबेर्गच्या कोळसा खाणीत उतरला आणि पुढे १९६२ मध्ये सायकलिंगचा जगज्जेता झाला. त्यानं बूवेला आरेनबेर्गच्या जंगलातली वाट दाखवली. सुमारे २४०० मीटर लांब, अगदी सरळ, नेपोलियनच्या काळात दगड बसवलेली. १९६८ मध्ये शर्यत तिथून पहिल्यांदा गेली आणि त्या वर्षी एडी मर्क्स जिंकला. त्या जंगलाच्या खालून खाणकामगार म्हणून आणि वरून शर्यतीचा स्वार म्हणून गेलेला माणूस एकच, स्टाब्लिन्स्की. खाण १९८९ मध्ये बंद पडली. तो सगळा खाणपट्टा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या वाटेच्या तोंडाशी स्टाब्लिन्स्कीच्या स्मरणार्थ एक शिळा आहे. शर्यतीच्या सगळ्या इतिहासात मला याच माणसाविषयी सर्वांत जास्त ओढ वाटते.

आता तुमचा मुख्य आक्षेप: रस्ता मुद्दाम खराब ठेवतात. तसं असतं तर २००५ मध्ये आरेनबेर्ग शर्यतीतून वगळावंच लागलं नसतं. जमीन खचली होती, दगडांच्या मधल्या फटी रुंदावल्या होत्या, आणि आयोजकांनी ठरवलं की इथून माणसं नेणं योग्य नाही. डागडुजी झाली, मग २००६ मध्ये वाट परत आली. फरसबंदीतही खड्डा पडतो, आणि तो पडला की शर्यत तिथून जात नाही.

ही डागडुजी कोण करतं ते तुम्हाला आवडेल असं वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘पॅरिस–रूबेचे मित्र’ या अर्थाच्या नावाची एक संस्था निघाली. तिची माणसं वर्षभर फरसबंदीचे हे पट्टे तपासत फिरतात. बागकाम शिकवणाऱ्या शाळांमधली मुलं हाताशी घेऊन खचलेला भाग उकरतात, दगड काढून साफ करतात, खालचा थर पुन्हा सारखा करतात आणि एकेक दगड हातानं बसवतात. सगळं लक्ष पाण्याकडे, कारण पाणी साचलं की खालची वाळू वाहते आणि वरचा दगड डुगडुगायला लागतो. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवायचा, कडेची चारी मोकळी ठेवायची, हे तुम्ही आयुष्यभर केलेलंच काम आहे. आठवण म्हणून लोक दगड उपटून नेतात, तिथे नवे बसवावे लागतात. आरेनबेर्गमध्ये दगडांच्या फटीत गवत आणि शेवाळ माजतं म्हणून अलीकडे शर्यतीआधी तिथे शेळ्या सोडून ते खाऊ घातलं गेलं.

आणि हे रस्ते शोभेचे नाहीत. शर्यतीचा एक दिवस सोडला तर त्यातल्या बहुतेकांवरून ट्रॅक्टर जातात. तो मुलूख साखरेचा आहे, फक्त तिथे उसाऐवजी बीट. आपल्याकडे गळीत हंगामात वाळवा, पलूस, कडेगाव भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर सुटले की साइडपट्ट्यांचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बिटाच्या गाड्यांनीही तेच होतं. कडा दबतात, मध्ये उंचवटा राहतो, शेतातली माती चाकांबरोबर रस्त्यावर येते. कोरड्या हवेत तिची धूळ उडते आणि पावसात निसरडा लेप बसतो. म्हणून स्वार मधल्या उंचवट्यावरून जाण्यासाठी धडपडतात. सगळ्यांना तेवढीच दीड-दोन फुटांची जागा हवी असते, आणि तिथे आधी कोण पोहोचतो यावर निम्मी शर्यत ठरते. आज साधारण २५५ ते २६० किलोमीटरच्या शर्यतीत असे तीसेक पट्टे, मिळून सुमारे ५५ किलोमीटर आहेत. टायरही बदलले. पूर्वी २७-२८ मिलिमीटर म्हणजे जाड समजत, आता ३० ते ३२ आणि त्याहून जाड, ट्यूबलेस आणि कमी हवेचे वापरतात.

गिरणीमालकांचं तुम्ही लिहिलंत ते बरोबरच आहे. थेओदोर व्हिएन आणि मोरीस पेरेझ हे रूबेचे कापड व्यावसायिक. त्यांनी १८९५ मध्ये गावात सायकलींसाठी धावपट्टी बांधली आणि तिथे गर्दी खेचायला पुढच्या वर्षी शर्यतीची कल्पना काढली. ‘पारी-व्हेलो’ या सायकलींच्या वृत्तपत्राला गळ घातली की बोर्दो–पॅरिस या मोठ्या शर्यतीआधीचा सराव म्हणून ही शर्यत भरवा. रस्ता पाहायला वृत्तपत्रानं व्हिक्तोर ब्रेयेर या बातमीदाराला पाठवलं. अमियाँपर्यंत तो मोटारीनं गेला आणि पुढे पावसात सायकलनं. रूबेला पोहोचला तो चिखलानं माखून, थकून, आणि हा बेत रद्द करा अशी तार करायची असं मनाशी ठरवून. जेवण आणि झोप झाल्यावर विचार बदलला. १९ एप्रिल १८९६ रोजी शर्यत झाली. जर्मनीचा योसेफ फिशर जिंकला आणि मोरीस गारँ तिसरा आला. गारँ मूळचा इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातला, लहानपणी धुराडी साफ करणारा. पुढची दोन वर्षं, १८९७ आणि १८९८, तोच जिंकला आणि १९०३ मध्ये पहिली तूर द फ्रान्सही त्यानंच जिंकली.

सुरुवात जाहिरातीनं झाली म्हणून पुढचं सगळं हलकं ठरतं, असं मात्र मी मानत नाही. व्हिएन आणि पेरेझ गेले, ते वृत्तपत्र गेलं, रूबेच्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. विट्याच्या यंत्रमागांवर पोट असलेल्या माणसाला ते काय असतं हे सांगावं लागत नाही. शर्यत मात्र त्याच गावात संपते, १९४३ पासून (मधली १९८६ ते १९८८ ही तीन वर्षं वगळता) आजच्याच धावपट्टीवर. सुटण्याची जागा पॅरिसवरून हलली, १९६६ मध्ये शाँतियी आणि १९७७ पासून काँपिएन्य. म्हणजे नावातलं पॅरिस सुटलं पण रूबे सुटलं नाही. गिरण्यांचं नाव कुणी घेत नाही अशा काळात त्या गावाचं नाव दर एप्रिलला जगभर घेतलं जातं, आणि गावकऱ्यांना त्याचं मोल आहे.

‘उत्तरेचा नरक’ या नावाबद्दल थोडं ठामपणे लिहितो. ते नाव दगडांमुळे पडलेलं नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१८ शर्यत झाली नाही. युद्ध थांबल्यावर रस्ता शिल्लक आहे का हे पाहायला आयोजक आणि बातमीदार उत्तरेकडे गेले. त्यांना दिसली तोफगोळ्यांनी चाळणी झालेली जमीन, ठुंठ झालेली झाडं, सपाट झालेली गावं आणि चिखल. नरक हा शब्द त्या दृश्यासाठी आला. १९१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी त्या मुलखातून शर्यत झाली. जिंकलेला आंरी पेलिसिए बारा तासांहून जास्त वेळ सायकलवर होता, सरासरी वेग ताशी २२.८५७ किलोमीटर. शर्यतीच्या इतिहासातला हा सर्वांत कमी वेग. वाटेत आगगाडी आडवी थांबली होती, तर तो सायकल घेऊन डब्यात चढला आणि पलीकडच्या दारानं उतरला. लाखो माणसं जिथे मेली तिथून पाच महिन्यांत सायकली गेल्या, याला मी हालांचं कौतुक म्हणू शकत नाही. त्या गावांना आपण अजून नकाशावर आहोत हे तेव्हा कळायला हवं होतं.

हालांचा प्रश्न त्यामुळे मिटतो असं मात्र नाही. १९९८ मध्ये आरेनबेर्गमध्ये योहान म्युसेउव पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळली आणि पाय कापायची वेळ आली होती. २००० मध्ये तो पुन्हा जिंकला आणि रेषा ओलांडताना त्यानं तोच गुडघा दाखवला. ते छायाचित्र सगळे छापतात, मला ते पाहून अजून अस्वस्थ व्हायला होतं. बर्नार इनो १९८१ मध्ये अनेकदा पडूनही जिंकला, आणि जिंकल्यावरही ही शर्यत आपल्याला आवडत नाही हे त्यानं लपवलं नाही. स्वारांच्या संघटनेच्या मागणीवरून २०२४ मध्ये आरेनबेर्गच्या तोंडाशी वेग कमी करणारं वळण टाकलं गेलं. काही स्वारांनी त्यावरही टीका केली. मी संघटनेच्या बाजूनं आहे.

खरा दोष दाखवायचा तर तो वेगळाच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तो आलेला नाही. या शर्यतीत बायकांना जागा मिळायला १२५ वर्षं लागली. २ ऑक्टोबर २०२१ रोजी महिलांची पहिली शर्यत झाली. लिझी डेग्नन ऐंशीच्या आसपास किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली, आणि तिच्या हँडलच्या पट्टीवर तळहातांचं रक्त लागलेलं होतं. तिचं बक्षीस १,५३५ युरो, पुरुष विजेत्याचं ३०,००० युरो. इथे कुणी चिडलं तर मीही सोबत चिडेन.

राहिला मुंबई–पुणे शर्यतीचा प्रश्न. फ्रान्सबद्दल लिहितो कारण तिथे प्रत्येक वर्षीचा विजेता, अंतर, वेळ, रस्ता कुणीतरी लिहून ठेवलाय, आणि मला घरबसल्या ते तपासता येतं. आपल्याकडे ‘घाटाचा राजा’ हा किताब सगळ्यांना माहीत आहे, पण बोरघाटात त्या दिवशी काय झालं हे बघणाऱ्यांच्या आठवणीतच राहिलंय. त्या बघणाऱ्यांपैकी तुम्ही एक आहात. तुम्ही साल दिलेलं नाही. कुठल्या वळणावर उभे होतात, सायकली कुठल्या होत्या, गिअर कुणाकुणाकडे होते, पाणी कोण देत होतं, घाटातली वाहतूक कोण थांबवत होतं, सगळं लिहा. आणि तेव्हा घाटाचा रस्ता कसा होता, खडी कुठे उखडली होती, उतारावर कुठे घसरायला व्हायचं, हे तर नक्की लिहा, कारण रस्त्याकडे त्या नजरेनं पाहणारा माणूस त्या गर्दीत फारसा दुसरा नसणार. जितकं मोठं होईल तितकं होऊ द्या. टाइप करायला त्रास होत असेल तर वहीच्या पानांचे फोटो पाठवा, मी टाइप करून घेतो. तुमच्या परवानगीनं ते इथे स्वतंत्र लेख म्हणून छापेन, एकही ओळ न कापता.