बैल का फिरला?

रोहनचं म्हणणं एवढंच होतं की मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं. घाबरू नकोस, दुसऱ्याशी नीट वाग, आणि तू आहेस तसा चांगला आहेस. "आम्हाला कोणी सांगितलं? मी अडखळत बोलायचो, तर वर्गात माझी नक्कल व्हायची. तेव्हा असं एखादं पुस्तक हातात असतं तर..."

"तर त्या पुस्तकाचीही नक्कल झाली असती," दामू म्हणाला.

गोव्यात, फोंड्याच्या वरच्या बाजारात, भाजी-पाववाल्याच्या बाजूच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. दामूचं हार्डवेअरचं दुकान समोरच, त्यामुळे त्याचा एक डोळा कायम गिऱ्हाइकावर. मास्तर निवृत्त, त्यांना वेळच वेळ. सुलभाबाय एका शाळेचं वाचनालय सांभाळतात. मिरची भजी न्यायला येतात आणि पुडी गार होईपर्यंत थांबतात. त्या दिवशी रोहन लेकीच्या वाढदिवसासाठी ऑनलाइन मागवलेलं खोकं घेऊन आला आणि तिथेच फोडून बसला.

तीन पुस्तकं. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे. एक धाडसावर, एक दयाळूपणावर आणि तिसरं 'तू जशी आहेस तशीच राहा' या विषयावर. या तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर चकचकीत कागदाचा आरसा चिकटवलेला. मुलाने पान उलटायचं, त्यात स्वतःला बघायचं आणि खाली छापलेलं वाचायचं की तू छान आहेस.

दामूने आरशात मिशी न्याहाळली. "मलापण सांगतंय मरे! कितीला पडली?"

रोहनने आकडा सांगितला.

"तेवढ्यात सिमेंटच्या तीन गोणी आल्या असत्या."

मास्तरांनी चष्मा पुसून तिन्ही पुस्तकं चाळली. चाळायला फार वेळ लागला नाही. "यात गोष्ट कुठे आहे?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. धाडसाच्या पुस्तकात ससा धाडसी होतो, कारण पहिल्याच पानावर तो धाडसी व्हायचं ठरवतो. वाटेत त्याला कोणी अडवत नाही, त्याचं काही हरवत नाही, कोणी त्याला हसतसुद्धा नाही. असलं धाडस करायला माझीही हरकत नाही.

सुलभाबायनी सांगितलं की त्यांच्याकडे अशी पुस्तकं देणगीत ढिगाने येतात आणि आली तशी कोरी राहतात. "कुठलं पुस्तक पोरं वाचतात हे मला विचारू नका, पाठची शिवण बघा. तोत्तोचान मी कितीदा शिवून घेतलं त्याला गणती नाही."

दामूला तोत्तोचान माहीत नव्हतं. त्याचं बालपण फास्टर फेणेच्या सायकलमागे धावण्यात गेलं. फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या पोराने 'ट्टॉक' केलं की दामू घरी बसून ट्टॉक करायचा, इतकाच त्याचा बालसाहित्याशी संबंध. मग सुलभाबायनी झाडाचा प्रसंग सांगितला. सांगण्याची त्यांची एक पद्धत आहे, त्या भजीसुद्धा खाली ठेवतात.

जपानमधली खरी शाळा, रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी. तिथे प्रत्येक मुलाने एकेक झाड आपलं म्हणून ठरवलेलं. यासुआकी नावाच्या मुलाला पोलिओ झालेला, तो आजवर कुठल्याच झाडावर चढलेला नाही. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर यायचं आमंत्रण देते. घरी मात्र थाप मारते की यासुआकीच्या घरी जाते म्हणून. शिडी ओढून आणते, तिच्यावर त्याला चढता येत नाही, मग दुसरी घोडाशिडी शोधून आणते. तो वर चढतो तो जवळजवळ तिच्या ओढण्यावर. दोघं घामाघूम. आणि एकदाचं वर पोचल्यावर काय होतं? काही नाही. तो तिला टेलिव्हिजन नावाच्या एका पेटीबद्दल सांगतो. त्याची बहीण अमेरिकेत असते, तिच्याकडून त्याला कळलेलं असतं.

"धाडस कर असा उपदेश त्या प्रकरणात कुठे नाही," सुलभाबाय म्हणाल्या. "दयेचाही नाही. पोरं मला येऊन काय सांगतात माहीत आहे? बाई, ती आईशी खोटं बोलली! त्यांना तेच आवडतं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलायला शिकवता," रोहन म्हणाला.

"मी काही शिकवत नाही. मी पुस्तक देते नि घेते."

इथे मास्तरांना साने गुरुजींची आठवण होणं अटळ होतं. त्यांना ती दर आठवड्याला होते. मधल्या काळात आम्ही 'श्यामची आई'ला थोडे कंटाळलोही होतो, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्या दिवशी त्यांनी रडवणारं काही काढलं नाही, पोहण्याचा प्रसंग काढला. सगळी मुलं विहिरीवर पोहायला जातात आणि श्याम भीतीने माळ्यावर लपून बसतो. आई शिंपटी घेऊन वर जाते, त्याला ओढून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही. "१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलंय ते. तुरुंगात बसलेल्या माणसाला भीती म्हणजे काय हे कळत होतं. आणि त्या आईने काय केलं? आरसा दिला?"

"मास्तर, आज ती आई असं वागली तर कोणीतरी व्हिडिओ काढेल," रोहन म्हणाला. "मार खाऊन पोहायला शिकलेली किती मुलं पाण्यात आयुष्यभर घाबरली ते कोणी लिहिलं नाही. श्यामने लिहिलं, कारण तो तरला."

हे वाक्य चांगलं होतं. मास्तर गप्प झाले आणि चहा सांगितला.

मग सुलभाबायनी फर्डिनांड काढला, आणि चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

१९३६ साली अमेरिकेत निघालेलं छोटंसं इंग्रजी पुस्तक. मन्रो लीफने लिहिलं, रॉबर्ट लॉसनने काळ्या रेषांत चित्रं काढली. स्पेनमधला एक गोऱ्हा. बाकीचे गोऱ्हे दिवसभर उड्या मारतात, शिंगं भिडवतात. हा एका झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. आईला काळजी वाटते, ती विचारते, तू त्यांच्यात खेळत का नाहीस? तो म्हणतो, मला इथेच बरं वाटतं. आई बघते की पोरगं एकटं असलं तरी उदास नाही, आणि त्याला बसू देते. पुढे तो थोराड बैल होतो. माद्रिदच्या झुंजीसाठी बैल निवडायला माणसं येतात, नेमका तेव्हाच हा एका मधमाशीवर बसतो आणि असा उधळतो की तीच माणसं टाळ्या पिटत त्याला घेऊन जातात. रिंगणात मात्र तो मधोमध बसतो. सगळ्या बायकांनी केसांत फुलं माळलेली असतात, त्यांचा वास येतो म्हणून. शेवटी त्याला घरी आणून सोडतात.

"एवढ्याशा गोष्टीवर फ्रँकोच्या स्पेनमध्ये बंदी आली," सुलभाबाय म्हणाल्या. "पुस्तक निघालं त्याच वर्षी तिथे यादवी युद्ध पेटलं होतं. न झुंजणारा बैल त्यांना चालेना."

मास्तरांना हे लगेच पटलं. फ्रँकोचा शेजारी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, आणि सालाझारचं राज्य इथे गोव्यात. "माझ्या वडलांच्या लग्नाची पत्रिका छापण्याआधी सेन्सॉरकडे गेली होती. लग्नाची! १९६१ पर्यंत हेच. त्यांना बैलाचीही भीती वाटणार, त्यात नवल काय?"

दामू इतका वेळ एका गिऱ्हाइकाला खिळे मोजून देत होता. परत आला तो फुरंगटूनच. "हे लिहिणाऱ्याने बैल पाळलेला नाही."

दामूचं आजोळ सासष्टीतलं. आजोबांकडे धिरयोचे बैल होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडची धिरयो म्हणजे स्पेनसारखी माणूस आणि बैल अशी लढत नाही. बैलाशी बैल भिडतो. तलवार नाही, लाल कापड नाही. एक बैल पाठ फिरवून निघाला की झुंज संपली. १९९०च्या दशकात उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी भल्या पहाटे कुठल्या तरी शेतात अजून होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दर निवडणुकीला ती कायदेशीर करायच्या गोष्टीही होतात.

"माझा आजा बैलाला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालायचा," दामू म्हणाला. "आम्हा नातवांना कधी घातलं नाही. पण बैल फिरला की हरला. का फिरला, हे कोणी विचारत नाही मरे. घाबरला, कंटाळला, की त्याला समोरच्याशी भांडायचंच नव्हतं? दोनदा फिरलेला बैल कोणी ठेवत नाही, त्याला विकतात. आणि कोणाला विकतात ते मी पोरांसमोर सांगत नाही. तुमचा तो फर्डिनांड घरी गेला, कारण पुस्तक अमेरिकेत छापलं."

मला वाटतं, त्या संध्याकाळचा सगळ्यात नेमका मुद्दा हाच होता, आणि तो पुस्तकं न वाचणाऱ्याने मांडला. श्याम माळ्यावर लपला तो भीतीने. फर्डिनांड झाडाखाली बसला तो आवडीने. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: बाकीची मुलं तिकडे आणि हा एकटा इकडे. एका आईने शिंपटी घेतली, दुसरी निघून गेली, आणि दोघींचं बरोबर ठरलं, कारण दोघींनी आधी पोराकडे नीट पाहिलं होतं. श्यामला दुसरी आई मिळाली असती तर तो पोहायला शिकला नसता. फर्डिनांडला पहिली मिळाली असती तर काय झालं असतं ते दामूने सांगितलंच आहे. रोहनच्या आरशाची अडचण हीच की तो दोघांनाही एकच उत्तर देतो. त्याला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही.

हे मी बोलून दाखवल्यावर रोहन म्हणाला, "म्हणजे पुस्तक मुलांसाठी नाहीच, आयांसाठी आहे."

"बापांसाठीपण," सुलभाबाय म्हणाल्या, आणि दामूकडे बघितलं.

त्यामागे कारण होतं. दामूच्या बहिणीचं सासर म्हार्दोळचं, फुलकारांचं घर. म्हाळसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा असते, तेव्हा त्या घरांतले पुरुष, पोरं सगळी मांडी घालून जायो गुंफतात. दामूचा भाचा त्यात तरबेज. मी त्याला गुंफताना पाहिलं आहे: डाव्या हाताच्या दोन बोटांत कळ्यांचे देठ, उजव्या हातात केळीचा धागा, एक वेढा, एक ओढ, पुढची जोडी. बघायचं म्हणून तो कुठेच बघत नाही, बोटंच बघतात. म्हार्दोळला त्याचं कौतुक. पण शाळेसाठी तो फोंड्याला मामाकडे राहायला आला आणि एकदा गॅदरिंगला मुलींच्या फात्या, म्हणजे गजरे, गुंफून दिल्या, तेव्हापासून वर्गात त्याचं एक नाव पडलं. नाव इथे लिहीत नाही. दामूने त्याला फुटबॉलच्या कोचिंगला घातलं.

"त्याला फुटबॉल आवडतो," दामू म्हणाला.

"विचारलंस?"

"सुलभाबाय, तो नाही म्हणत नाही."

"बैलही म्हणत नाही."

मास्तर हसले, पण दामू हसला नाही. तो म्हणाला, तुम्हाला सोपं आहे. म्हार्दोळला 'तू आहेस तसाच राहा' म्हणायला काही लागत नाही, तिथे शंभर जण तसेच आहेत. इथे त्या पोराला रोज वर्गात जायचंय. पुस्तक काय, पंधरा मिनिटांत संपतं. त्याचं खरंच होतं. घरापासून थोड्या किलोमीटरवर आलं की तेच कसब चेष्टेचं होतं, आणि हा फरक पोराच्या धाडसाने मिटणारा नाही. तो मिटवायचं काम त्या वर्गातल्या बाकीच्या तीसपस्तीस जणांचं. पण धाडसाची सगळी पुस्तकं चिडवल्या जाणाऱ्या मुलासाठी लिहिलेली असतात, चिडवणाऱ्यासाठी कोणीच काही लिहीत नाही.

सुलभाबाय म्हणाल्या, फर्डिनांड त्या पोरांना मराठीत सांगतात, चित्रं दाखवत. मागे एका मुलीने विचारलं, मग बाकीच्या बैलांचं काय झालं? त्यांना तर माद्रिदला जायचंच होतं. ते दरवर्षी वाट बघत होते. पुस्तकात त्याचं उत्तर नाही. सुलभाबायनी वर्गाला विचारलं, तर अर्धी मुलं म्हणाली की त्यांना वाईट वाटलं असेल, आपली निवड झाली नाही म्हणून. एक मुलगा म्हणाला, ते वाचले.

"कोण मुलगा?" दामूने विचारलं.

"चिडवणाऱ्यांतलाच."

रोहनने तिन्ही पुस्तकं पुन्हा खोक्यात भरली. परत पाठवणार का, असं मी विचारलं. नाही म्हणाला, लेक चार वर्षांची आहे, तिला आरसा आवडेल. त्यात काही चूक नाही. चार वर्षांच्या मुलाला आरसा आवडतोच, खाली काहीही छापलेलं असो. पण फर्डिनांड कुठे मिळेल ते त्याने सुलभाबायना विचारून घेतलं. मास्तर म्हणाले, पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, तिथे आधी बघ, फुकट. १८३२ सालची लायब्ररी आहे, उगाच सिमेंटच्या गोण्यांचे पैसे कशाला घालतोस?

दामू दुकानाचं शटर अर्धं ओढून परत आला. "सुलभाबाय, तुमच्याकडचं ते बैलाचं पुस्तक भाच्याला द्या."

"त्याच्या वर्गाला सांगून झालंय. त्याने ऐकलंय."

"मग मला द्या. इंग्लिश कठीण नाही ना?"

"सोमवारी ये. आधार कार्ड आण, सभासद करते."

"पुस्तकासाठी आधार?"

"गेल्या खेपेला मास्तरांनी नेलेलं अजून आलेलं नाही," सुलभाबाय म्हणाल्या. मास्तर तेवढ्यात चहाचे पैसे द्यायला उठले होते.