सात दिवसांत पीटीएसडी मुळापासून जातो? एका मेसेजची झडती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. विषय पीटीएसडीचा, म्हणजे युद्धासारख्या जीवघेण्या प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचा. मजकूर थोडक्यात असा: 'रिटायर फौजींचा पीटीएसडी सात दिवसांच्या श्वास-ध्यानाने मुळापासून जातो. अमेरिकेत सिद्ध झालंय. डॉक्टरांच्या गोळ्या नुसत्या झोपवतात, त्या पहिल्याच दिवशी बंद करा. श्वासाचा दुष्परिणाम काहीही नाही; त्रास झालाच तर समजा, आत साचलेलं बाहेर पडतंय. कुणाला सांगायचीही गरज नाही.'

श्वासाच्या सरावाने बऱ्याच जणांना आराम पडतो, हे खरं आहे. तेवढं खरं असल्यामुळेच मागचं सगळं खपून जातं.

'अमेरिकेत सिद्ध झालंय'

ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो तो २०१४ सालचा. इराक-अफगाणिस्तानातून परतलेले एकूण २१ सैनिक, सगळे पुरुष. त्यांपैकी ११ जणांनी सुदर्शन क्रियेचं, म्हणजे ठरावीक लयीत श्वास घेण्याच्या पद्धतीचं, सात दिवसांचं शिबिर केलं, रोज तीन तास. उरलेले १० जण प्रतीक्षा यादीत. शिबिर केलेल्यांची लक्षणं कमी झाली आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. निकाल चांगला आहे, नाही कोण म्हणतंय? पण तुलना झाली ती काहीच न मिळालेल्या लोकांशी. सोबतचे फौजी, रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणं आणि श्वास, यांतल्या कशाने किती काम केलं हे अशा रचनेत वेगळं काढता येत नाही.

त्याहून वजनदार अभ्यास २०२२ मध्ये आला, पण मेसेजवाल्यांना त्याचा पत्ता दिसत नाही. त्यात ८५ माजी सैनिक होते. एका गटाला हीच श्वासपद्धती, दुसऱ्याला सीपीटी, म्हणजे त्या प्रसंगाबद्दल मनात घट्ट बसलेले विचार एकेक करून तपासायची उपचारपद्धती. उपचार संपले तेव्हा श्वासाचा गट सीपीटीच्या गटापेक्षा आधी ठरवून ठेवलेल्या मर्यादेपलीकडे मागे पडलेला नव्हता. ही श्वासाच्या बाजूची भक्कम गोष्ट आहे. मात्र तो कार्यक्रम सात दिवसांचा नसून सहा आठवड्यांचा होता, आणि दोन्ही गटांत लक्षणं उतरली ती माफक, पुसली गेली नाहीत. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांची २०२३ ची मार्गदर्शिका आजही सीपीटी, प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं) आणि ईएमडीआर (नजर डावी-उजवीकडे हलवत प्रसंग आठवणं) या तीन उपचारांना पहिला मान देते. सजगता-ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या कोर्सला तिथे कमी जोराची शिफारस आहे.

'मुळापासून जातो'

या आजाराला चार बाजू असतात: प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, मन बधिर किंवा काळवंडून जाणं, आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणं. श्वास मुख्यतः चौथ्या बाजूवर काम करतो. सावकाश उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती उतरते, दचकणं कमी होतं, झोप लागायला मदत होते. टाळाटाळ मात्र तशीच राहते, कधी वाढतेही.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचंच बघा. रात्रभर चालणारी मिरवणूक, डॉल्बी, फटाके. फौजी मागच्या खोलीत दार लावून अनुलोम-विलोम करत बसतो आणि घरचे म्हणतात, 'आता शांत असतात.' शांत आहेत, पण दाराआड. आवाज म्हणजे धोका नव्हे हे शरीराने शिकायचं होतं; त्याऐवजी ते शिकलं की श्वासाचा आधार घेऊन बसलो म्हणून वाचलो. पुढच्या वर्षी दार आधीच लागतं.

प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये याची जाण ठेवलेली आहे. साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा दीड-दीड तासाच्या. सावकाश श्वास पहिल्याच बैठकीत शिकवतात. पण प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची वेळ येते तेव्हा तो वापरू देत नाहीत. भीती कशाचाही टेकू न घेता आपोआप उतरते, हा अनुभवच तिथे औषध असतो.

'गोळ्या पहिल्या दिवशी बंद करा'

सगळ्यात घातक ओळ हीच. पीटीएसडीसाठी देतात त्या सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्या झोपेच्या नाहीत; त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पुरता दिसायला त्याहून जास्त. त्यांतली पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवली तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भयानक स्वप्नं आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. नेमकं शिबिराच्या मधोमध. मग हेच झटके 'गोळीचं विष निघतंय' म्हणून दाखवले जातात.

वाईट स्वप्नांसाठी कुणाकुणाला प्राझोसिन देतात. ती मुळात बीपीची गोळी. १ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवत नेतात. सात दिवस बंद ठेवून आठव्या रात्री जुनाच पूर्ण डोस घेतला, तर लघवीला उठताना बीपी एकदम उतरून माणूस मोरीच्या उंबऱ्यावर कोसळू शकतो. दोन-तीन दिवस जरी खंड पडला तरी डॉक्टरांना विचारून पुन्हा कमी डोसपासून सुरुवात करायची.

क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू असेल तर मेसेजचं 'नुसत्या झोपवतात' हे त्या गोळीपुरतं बरंचसं बरोबर आहे. पीटीएसडीसाठी ती देऊ नये असंच अमेरिकेची ती २०२३ ची मार्गदर्शिका सांगते. पण एका झटक्यात सोडली तर फिट येऊ शकते. ती आठवड्यामागून आठवडे, थोडी थोडी उतरवतात.

'दुष्परिणाम नाही, त्रास म्हणजे साचलेलं बाहेर पडणं'

भस्त्रिकेसारखा जलद श्वास मिनिट-दोन मिनिटं केला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं आखडतात, छाती धडधडते. निरोगी माणूस थांबला की ठीक होतो. पीटीएसडीवाल्याच्या शरीराला मात्र धडधड हीच धोक्याची खूण असते, आणि तिथूनच तो सरळ त्या प्रसंगात जाऊन पडतो. बर्फाखाली, धुरात किंवा पाण्यात गुदमरलेल्याला श्वास रोखून धरायला लावणं तर नकोच. फिट येणारे, बीपी आटोक्यात नसलेले, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू किंवा बायपोलर आजार असलेले यांनी जलद प्रकार करू नयेत. आणि शवासनात डोळे मिटून पडलेल्या फौजीच्या खांद्याला शिकवणाऱ्याने मागून हात लावू नये. समोर येऊन नावाने हाक मारावी. नाहीतर दचकून हात उठतो.

याहून मोठा धोका दारूचा. तो शिबिराच्या फॉर्मवर क्वचितच विचारला जातो. कॅन्टीनच्या कोट्यातली रोजची क्वार्टर कित्येक वर्षं चालू असलेला माणूस निवासी शिबिरात जातो आणि दारू एकदम बंद होते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, ताप, नसलेली माणसं दिसणं. हे जिवावर बेतू शकतं. त्याला शुद्धीकरण म्हणत बसायचं नसतं, तडक कॅज्युअल्टी गाठायची असते. रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली दारू सोडावी आणि मग शिबिराचं नाव घ्यावं.

मग करायचं कसं?

खुर्चीत, पाठ भिंतीला, दार नजरेसमोर. पायांचे तळवे जमिनीवर टेकलेले, डोळे उघडे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीकडे. नाकाने आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. मध्ये रोखायचं नाही. असा एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. चार-सहा जड गेलं तर तीन-चार. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. जीव घाबरा झाल्यावर पहिल्यांदा करायला जाऊ नका. शांत वेळी हात बसला तरच तेव्हा उपयोगी पडतं. बहुतेकांची चूक एकच: 'खोल घ्या' म्हटलं की छाती फुगवून भरभरून घेतात. सावकाश असला तरी मोठा श्वास कार्बन डायऑक्साइड उतरवतोच. श्वास मोठा नको, लांब हवा.

मुंग्या आल्या किंवा तो प्रसंग दिसू लागला तर मोजणं सोडा. पाय जमिनीवर दाबा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजचा वार आणि गावाचं नाव बोला, तोंडावर गार पाणी मारा.

फरक पडतोय का, हे अंदाजाने ठरवू नका. पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी आहे, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या पुढे गेलं तर तज्ज्ञाने बसून तपासायला हवं. दहा किंवा अधिक गुणांनी उतार पडला तर सुधारणा खरी धरतात. सहा-आठ आठवडे नेमाने करूनही आकडा हलत नसेल तर आणखी एक शिबिर हा उपाय नव्हे.

'कुणाला सांगायची गरज नाही'

निदान झालं म्हणून पेन्शन जात नाही. ती केलेल्या नोकरीची असते. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतो. सरकारी दवाखान्यांत बेळगावात बिम्स आणि धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. फक्त एक बघा: सीपीटीसारखी उपचारपद्धती बोलून करायची असते, आणि जिवाला लागलेलं मोडक्या कन्नडमध्ये सांगता येत नाही. नाव नोंदवतानाच मराठी किंवा हिंदी बोलणारा समुपदेशक मागा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, चोवीस तास फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मरणाचे विचार बोलून दाखवले असतील तर घरच्यांना कळायलाच हवं, कारण कितीतरी माजी सैनिकांच्या घरात परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. निवडणुकीला जशी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करतात, तशी ती आत्ताच जमा करा आणि पावती भावाकडे किंवा मुलाकडे ठेवा.