'चिकित्सक' यांस, लिंबाबद्दल

ईशान्य थायलंडातल्या कोय प्लावर, म्हणजे कच्च्या माशाच्या पदार्थावर, आणि त्यातल्या कृमीमुळे होणाऱ्या कॅन्सरवर मी लिहिलेल्या पोस्टखाली तुम्ही चार वाक्यं टाकलीत. पैकी "दोन दिवस टूर करून आलेल्यांनी लोकांच्या ताटात नाक खुपसू नये, लिंबू पिळलं की मासा शिजतोच" हे वाचता वाचता हातातला चहा निवला.

आधी माझी चूक. कृमी 'यकृतात' राहतो असं मी लिहिलं होतं. राहतो पित्तनलिकांत. दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता टूर. साहेब, खोन काएनजवळच्या साखर कारखान्यात मी तीन वर्षं काढली. घरमालकीणबाईंचे यजमान दर शनिवारी तळ्यातले बोटभर मासे कच्चेच बारीक चिरायचे, त्यात लिंबू, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची भरड. मीही चमचाभर खाल्लंय, झकास लागतं. पण लिंबाने मासा पांढरा पडतो, एवढंच. मांसात कोष करून बसलेली अळी मरत नाही. पोटात गेली की कोषातून सुटते, पित्तनलिकेत चढते आणि वर्षानुवर्षं तिथेच संसार थाटते. नलिका सुजत राहते, भिंत जाड होत जाते आणि काहींना काही दशकांनी तिथेच कॅन्सर होतो. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९४ मध्ये या कृमीला, ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला, कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात घातलं, ते काय टूरवर जाऊन?

यजमानांचे डोळे हळदीसारखे झाले. रात्रभर ते फणीने नडग्या खाजवत बसायचे, भिंतीपलीकडे मला तो कर्र कर्र आवाज यायचा. तपासणी झाली तोवर उशीर झाला होता. त्यांच्या अंत्यविधीच्या जेवणातही कोय प्ला होतं. मी बघितलंय, तुम्ही नाही.

आता तुमची उरलेली वाक्यं. "बाधा झालेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही." नसेल होत, मी कुठे सगळ्यांना म्हटलं? "प्राझिक्वांटेल आहे की." आहे ते औषध, कृमी मरतातही, पण पुढच्या शनिवारी पुन्हा मासा येतो. "आपल्याकडे काय संबंध?" या कृमीचा चुलतभाऊ पहिल्यांदा सापडला तो कलकत्त्यात, मॅक्कॉनेल नावाच्या डॉक्टरने एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात पाहिला, १८७५ साली छापलं. पुरे.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने टाका, ठेवीन. लिंबावर असेल तर उडवीन.