खुलासा : राज्याच्या रिटर्नमध्ये ट्रेझरीचं व्याज 'आपोआप' वजा होतं का?

ट्रेझरी म्हणजे अमेरिकी सरकारचे कर्जरोखे. त्यांच्याबद्दल अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय : 'ट्रेझरीच्या व्याजावर राज्याचा कर नसतो आणि टॅक्सचं सॉफ्टवेअर ते आपोआप वजा करतं. काही करायची गरज नाही.' पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्यावर विसंबून राहू नका.

ट्रेझरी बिलं-बाँड थेट घेतले असतील, तर व्याज १०९९-आयएनटी या व्याजाच्या फॉर्मच्या रकाना ३ मध्ये येतं आणि सॉफ्टवेअर ते सहसा नीट उचलतं. घोळ होतो तो मनी मार्केट फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात. तिथलं उत्पन्न १०९९-डिव्ह या लाभांशाच्या फॉर्मच्या रकाना १ए मध्ये लाभांश म्हणून येतं. त्यातला किती भाग सरकारी रोख्यांचा, हे तो रकाना सांगत नाही. मग सॉफ्टवेअरला कळणार कुठून? फंड कंपनी दरवर्षी ती टक्केवारी जाहीर करते. ती शोधून रक्कम आपणच भरायची.

समजा लाभांश २,००० डॉलर आणि सरकारी वाटा ६० टक्के. म्हणजे १,२०० डॉलर राज्यापुरते करमुक्त. कॅलिफोर्नियात ९.३ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर जवळपास ११२ डॉलर वाचतात. कष्टाचे पैसे आहेत, का सोडायचे?

मात्र कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये प्रत्येक तिमाहीअखेर फंडाची निदान ५० टक्के मालमत्ता सरकारी रोख्यांत असावी लागते. नसेल, तर वजावट शून्य.

मागच्या वर्षी राहून गेलं असेल, तर राज्याचं सुधारित रिटर्न भरता येतं. फेडरल रिटर्नला हात लावायची गरज नाही, तिथे हे उत्पन्न करपात्रच आहे.